माळ्यावरची जुनी पुस्तकं खाली काढलीत? आधी क्रम समजून घ्या, मग हात लावा

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं की माळा रिकामा होतो आणि आजोबांच्या ट्रंका खाली येतात. भांडी वाटली जातात, सागवान विकलं जातं आणि पुस्तकं घरात जो कोण 'वाचणारा' म्हणून ओळखला जातो त्याच्या गळ्यात पडतात. मग हा वाचणारा पहिल्याच रविवारी काय करतो, तर सगळी पुस्तकं गच्चीवर उन्हात पसरतो, ओल्या फडक्याने पुसतो, फाटक्या पानांना सेलोटेप लावतो, डांबर गोळ्या टाकून कपाटात कोंबतो आणि जी अगदीच खिळखिळी झालीयेत ती बाईंडरकडे टाकून येतो. साठ वर्षं माळ्यावर पडून जेवढं नुकसान झालं नव्हतं तेवढं त्या एका रविवारात होतं.

यातलं प्रत्येक काम (उन्हाचं आणि सेलोटेपचं सोडून) कुठल्या ना कुठल्या रूपात करायचंच असतं, पण क्रमाने. आधी वेगळं ठेवणं, मग वाळवणं, मग कीड, मग कोरडी सफाई, मग यादी, मग दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी कपाट. बहुतेक लोक नेमके शेवटच्या टोकाकडून सुरू करतात, आधी कपाट विकत आणतात.

सुरू कधी करायचं

नाशिकमध्ये याला सगळ्यात चांगला काळ म्हणजे दिवाळी झाल्यावर ते साधारण फेब्रुवारी. हवा कोरडी असते, ऊन बेताचं असतं, पंख्याखाली पुस्तक नीट वाळतं. जून ते सप्टेंबर अजिबात नको. पावसाळ्यात ट्रंक उघडली की आतला कोरडा कागद बाहेरची दमट हवा ओढून घेतो आणि दोन आठवड्यांत बुरशी दिसायला लागते. एप्रिल-मेचा प्रॉब्लेम उलटा आहे, हवा इतकी कोरडी असते की आधीच कुरकुरीत झालेला कागद नुसतं पान उलटताना तुटतो. वाडा मे महिन्यातच रिकामा करायचा असेल तर पुस्तकं आणा, पण उघडत बसू नका, खोक्यांवर लेबल लावून कोरड्या खोलीत ठेवा आणि दिवाळीची वाट बघा.

अपवाद एकच, भिजलेली पुस्तकं. त्यांच्याबद्दल टप्पा २ मध्ये सांगतो, तिथे एक दिवससुद्धा थांबायचं नाही.

सामान

फार काही लागत नाही. रंगकामाचे मऊ केसांचे दोन ब्रश (नवेच घ्या, रंग लागलेले नको), जुन्या मलमलच्या साडीचे किंवा धोतराचे धुतलेले तुकडे, एन-९५ मास्क, झिप लॉकच्या जाड पिशव्या, एचबी पेन्सिल, पांढरा साधा कागद आणि हवेतला दमटपणा दाखवणारं एक छोटं डिजिटल मीटर. मीटर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतं आणि ते घ्याच, कारण "आमच्याकडे ओल नाहीये हो" असं प्रत्येकालाच वाटत असतं.

टप्पा १: वेगळं ठेवा आणि चार ढीग करा

आलेली पुस्तकं घरातल्या बाकीच्या पुस्तकांजवळ न्यायची नाहीत. वेगळी खोली, नाहीतर निदान वेगळा कोपरा. खाली पांढरी चादर किंवा पांढरा कागद अंथरा, म्हणजे रात्रीतून काय गळलं ते सकाळी दिसतं. बारीक पिठासारखा भुसा दिसला तर आत जिवंत कीड आहे. मातीचे कण किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी.

मग चार ढीग. पहिला, ओली किंवा दमट. दुसरा, कीड किंवा बुरशी असलेली. तिसरा, कागद कुरकुरीत झालेली. चौथा, धट्टीकट्टी, नुसती धूळ बसलेली.

कुरकुरीत ओळखताना एक चूक सर्रास होते. पानाचा कोपरा दुमडून बघतात आणि तो तुटला की "हो, खराब आहे" म्हणतात. अहो, तो तुम्हीच तोडला ना! नुसत्या डोळ्यांनी कळतं. पानाच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद तपकिरी झाल्या असतील, तळाशी कागदाचे चुरे पडत असतील, तर तिसरा ढीग. आणि जुनं तेवढं नाजूक असं समजू नका. एकोणिसाव्या शतकातल्या शिळाप्रेसवर (म्हणजे दगडावरून) छापलेल्या पुस्तकांचा कागद पुष्कळदा चिंध्यांच्या लगद्याचा असतो आणि अजून मऊ लागतो, उलट १९४०-५० च्या दशकातलं, लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावरचं पुस्तक हातात धरवत नाही. त्या लगद्यातलं लिग्निन (लाकडातला एक घटक) आणि कागद बनवताना वापरलेली तुरटी, दोन्हीमुळे कागद आतून आम्लधर्मी होत जातो. त्याला घरगुती इलाज नाही, तो प्रकार फक्त हळू करता येतो.

तपासा: हाताने लिहिलेली पोथी, बाड किंवा जुने कागद सापडले तर ते या चारही ढिगांत टाकू नका, जसे आहेत तसे बाजूला ठेवा. पंच्याहत्तर वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतं, त्यामुळे असली वस्तू परस्पर विकायच्या किंवा परदेशातल्या नातेवाइकाकडे पाठवायच्या आधी जाणकाराला दाखवा.

टप्पा २: वाळवणं

ऊन नाही. हे दोनदा वाचा. उन्हाने पुस्तक वाळतं खरं, पण अतिनील किरणांनी कागद पिवळा पडतो, कापडी बांधणीचा रंग उडतो आणि पुठ्ठा कमानीसारखा वाकतो. आजी गच्चीवर पापड वाळवते तिथे पुस्तक नको.

दमट पुस्तक टेबलावर उभं करा, पुठ्ठे थोडे उघडे ठेवून, पंख्यासारखं. सीलिंग फॅन हळू स्पीडवर. थेट समोरून टेबल फॅन मारला तर पानं फडफडून फाटतात. दोन-तीन दिवस रोज उलटं-सुलटं करा. हेअर ड्रायर, इस्त्री, ओव्हन, यातलं काहीही वापरू नका, मायक्रोवेव्ह तर नाहीच नाही.

खरोखर भिजलेलं असेल तर गोष्ट वेगळी. गंगेला (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) पूर आला आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातल्या तळमजल्यांचं काय होतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २००८ आणि २०१९ दोन्ही वेळा पाणी बाजारात घुसलं होतं. भिजलेल्या कागदावर साधारण ४८ तासांत बुरशी धरते. थोडी पुस्तकं असतील तर दर वीस-पंचवीस पानांमागे पांढरा कोरा कागद घाला (वर्तमानपत्र नको, शाई उतरते), आणि तो कागद दमट झाला की बदलत रहा. जास्त असतील आणि हात कमी असतील तर सरळ पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही, म्हणजे तुम्हाला वेळ मिळतो, नंतर सवडीने थोडी थोडी काढून वाळवा. चिखल लागला असेल तर पुस्तक बंद धरून, दाबून, स्वच्छ पाण्यात बाहेरून विसळा, उघडं करून धुऊ नका. शाईने लिहिलेलं काही असेल तर तेही करू नका.

सावधान: आर्ट पेपरची गुळगुळीत पानं ओली असताना एकमेकांना चिकटली तर ती वाळल्यावर सुटत नाहीत. दिवाळी अंकांतली रंगीत चित्रं अशीच जातात. ती सगळ्यात आधी हातात घ्या.

टप्पा ३: बुरशी आणि कीड

बुरशी आधी पूर्ण वाळू द्यायची. ओली असताना पुसली तर ती कागदात आणखी चोळली जाते. वाळली की ती पावडरसारखी होते, मग मास्क लावून, गॅलरीत किंवा गच्चीवर सावलीत, मऊ ब्रशने कण्याकडून (पानं शिवलेल्या बाजूकडून) बाहेरच्या कडेकडे झटकायची. दमा असेल त्याने हे काम करूच नये. डेटॉल, फिनेल, व्हिनेगर असलं काही पानांवर लावायचं नाही. डाग राहतो, राहू द्या, डाग म्हणजे चालू बुरशी नव्हे.

किडीत लोक सगळ्यालाच वाळवी म्हणतात. कसर म्हणजे तो चंदेरी, चपळ, शेपटीला तीन केस असलेला किडा. तो वरवर कुरतडतो, खळ आणि छपाईचा पृष्ठभाग खातो. आरपार गोल भोकं दिसली तर ते भुंग्याच्या अळीचं काम. झुरळं कण्याची खळ आणि कापड खातात. वाळवी सापडली तर पुस्तकांचं काय करायचं हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न भिंतीचा आणि कपाटाचा आहे, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

जिवंत किडीवर घरच्या घरी चालणारा बिनविषारी उपाय म्हणजे थंडी. कोरडं पुस्तक पांढऱ्या कागदात गुंडाळा, झिप पिशवीत घाला, हवा दाबून काढा, बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, चोवीस तास तशीच ठेवायची, नाहीतर थंड पुस्तकावर हवेतलं पाणी धरतं आणि तुम्ही परत टप्पा २ ला. घरात मटारच्या पाकिटांशेजारी कादंबऱ्या ठेवायला विरोध होतो, होणारच, पण पिशवी बंद असते हे समजावून सांगा आणि मटारचा सीझन येण्याआधी उरका.

डांबर गोळ्यांबद्दल थोडं स्पष्टच सांगतो. त्यांनी आतली अळी मरेल याचा भरवसा नाही, वास वर्षानुवर्षं जात नाही, आणि बंद खोलीत ती वाफ आपल्यालाच त्रास देते. वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला चालतो, पण तो कीड येऊ नये म्हणून, आलेली मारायला नाही. पाला पूर्ण वाळलेला हवा, कापडी पुरचुंडीत बांधून फळीवर ठेवायचा, पानांमध्ये दाबून ठेवला की तपकिरी छाप उमटतो.

टप्पा ४: कोरडी सफाई

हा टप्पा सोपा आहे. पुस्तक घट्ट बंद धरा, वरची कड (धूळ तिथेच जास्त असते) कण्यापासून बाहेरच्या दिशेने ब्रशने झाडा, मग बाकीच्या दोन कडा, मग पुठ्ठे कोरड्या मलमलीने. त्यानंतर आतली पहिली-शेवटची काही पानं. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर नळीच्या तोंडाला मलमल बांधून, कमीत कमी जोरावर.

आत सापडलेल्या वस्तू, म्हणजे बसची तिकिटं, पत्रं, पिंपळाची पानं, रेशनच्या पावत्या, फेकू नका. पुस्तकाच्या नंबरसकट पाकिटात घाला. गंजलेल्या टाचण्या आणि यू-पिना मात्र काढाच, ओढून नाही, तर मागची टोकं सपाट पट्टीने उचलून.

तपासा: दमटपणाचा मीटर ५५ टक्क्यांच्या खाली आहे? अंथरलेल्या कागदावर आठवडाभरात नवा भुसा पडला नाही? दोन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढे.

टप्पा ५: यादी, आणि पुस्तकाचं वय काढणं

दुरुस्तीच्या आधी यादी करायची, कारण कुठलं पुस्तक किती मेहनतीच्या लायकीचं आहे ते यादीतूनच कळतं. साधं गुगल शीट पुरे. नंबर, नाव, लेखक, प्रकाशक, मुद्रक, गाव, साल, आवृत्ती, छापील किंमत, अवस्था, कुणाकडून आलं, कुठल्या फळीवर आहे. सोबत मोबाईलवर मुखपृष्ठ, नामपान आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो. नंबर पुस्तकाच्या आत, शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, एचबी पेन्सिलने, हलक्या हाताने. स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का बनवून घ्यायचा मोह आवरा.

खरी मजा साल काढण्यात आहे. बऱ्याच जुन्या पुस्तकांची पहिली पानं गेलेली असतात. माझ्यासमोर आत्ता एक पाककृतींचं पुस्तक आहे, नामपान नाही, सुरुवातीची आठ पानं नाहीत. पण मलपृष्ठावर किंमत आहे 'सव्वा रुपया', आतल्या जाहिरातीत एका पुस्तकाला 'दहा आणे', म्हणजे हे बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवसापासून आणे जाऊन दशमान नाणी आली. मजकुरात 'तें', 'नाहीं', 'कांहीं' असे अनुस्वार आहेत, म्हणजे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीची पद्धत. जाहिरातीतला पत्ता 'पुणे २'. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, त्यामुळे '४११ ००२' असं छापलेलं असतं तर ते त्यानंतरचं ठरलं असतं. आणि एका मसाल्याच्या जाहिरातीत 'मुंबई इलाखा' आहे, ब्रिटिश काळातला तो शब्द तर आपल्याला आणखी मागे नेतो. एवढ्यावरून नक्की साल नाही सांगता येत, पण शीटमध्ये 'अंदाजे १९५० पूर्वी' असं लिहिता येतं आणि ते पुरेसं आहे.

किंमत 'नये पैसे'मध्ये असेल तर साधारण १९५७ ते १९६४, कारण १९६४ मध्ये त्यातलं 'नये' गेलं. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, शके १८३२ म्हणजे १९१० (छपाई जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९, म्हणजे १९११). किमतीवर नवी चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती खरवडून काढू नका, उजेडासमोर पान धरलं की खालचा आकडा पुष्कळदा दिसतो.

सगळ्यात जास्त फसगत आवृत्तीत होते. पानावर 'आवृत्ती पहिली १९३२' वाचून लोक खूश होतात आणि त्याच पानावर दोन ओळी खाली 'आवृत्ती चौथी १९५१' लिहिलेलं असतं ते वाचत नाहीत. शेवटची ओळ तीच तुमच्या हातातली आवृत्ती.

तपासा: वाचनालयाचा शिक्का आहे का? असेल आणि त्यावर 'रद्द' किंवा 'निकाली' अशी खूण नसेल, तर त्या वाचनालयाला विचारा. १९२० सालचं पुस्तक परत करायला गेलात तर दंड कुणी मागणार नाही, चहा मिळायची शक्यता जास्त.

जुन्या मालकाची सही, 'चि. सौ. कां. ... हिस सप्रेम भेट', समासातल्या शाईच्या नोंदी, यातलं काहीही खोडायचं नाही.

टप्पा ६: दुरुस्ती, जितकी कमी तितकी बरी

नियम एकच ठेवा, जे लावू ते उद्या पाण्याने सुटलं पाहिजे. या नियमात सेलोटेप बसत नाही (काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि पिवळा तेलकट गोंद कागदात उतरतो तो निघत नाही), फेविकॉल बसत नाही, लॅमिनेशन तर कधीच नाही.

फाटलेल्या पानाला घरची खळ आणि पातळ जपानी टिश्यू, जो आर्ट मटेरियलच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. एक चमचा कॉर्नफ्लोअर किंवा गव्हाचं सत्त्व, पाच चमचे पाणी, गुठळ्या मोडून मंद गॅसवर सतत ढवळत अर्धपारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार झाली की मलमलीतून गाळा. साईसारखी पातळ करून घ्या. टिश्यू कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा म्हणजे कडेला तंतू राहतात आणि तेच धरून ठेवतात. फाटलेल्या कडा जुळवा, टिश्यूच्या पट्टीला खळ लावा, ठेवा, वर-खाली बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर जाड शब्दकोश, आणि रात्रभर विसरून जा. खळ फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, आंबट वास आला की टाकून द्या. बाईंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, कीड लागू नये म्हणून. घरी घालू नका, ते विषारी आहे आणि तांबं कागदालाही मानवत नाही.

कुरकुरीत पुस्तकांना तर खळही नको, पाण्याच्या ओलाव्याने कड आणखी गडद होते. त्यांना दोऱ्याने नाही तर रुंद सुती फितीने सैल बांधा, पांढऱ्या कागदात गुंडाळा आणि मोबाईलवर स्कॅन करून स्कॅनच वाचा. स्कॅन इतरांना द्यायचा तर कॉपीराइट बघा: लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं तो चालू असतो.

बाईंडरकडे न्यायची वेळ फक्त शिवण पूर्ण सुटली असेल तेव्हाच. आणि तिथे उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या, शक्यतो चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवायच्या. एक, कटिंग नको. मशीनवर तिन्ही कडा 'साफ' करायची त्यांना सवय असते आणि त्यात समासातल्या नोंदी, कधी पानांचे आकडेही जातात. दोन, जुजबंदीच हवी (म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे घडीतूनच शिवायचे), कण्याला करवतीने खाचा पाडून किंवा बाजूने भोकं पाडून शिवलेलं नको, तसं शिवलं की पुस्तक पूर्ण उघडत नाही आणि मग वाचणारा ते दाबून उघडतो आणि जुना कागद शिवणीपाशीच तुटतो. तीन, मूळ पुठ्ठा, मूळ मुखपृष्ठ परत द्यायचं, फाटकं असलं तरी.

टप्पा ७: आता कपाट

लोखंडी कपाट चांगलं, पण बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा, खाली विटा किंवा पाय. पार्टिकल बोर्डच्या नव्या फर्निचरला तो जो वास येतो तीच वाफ कागदाला बाधते, काही महिने उघडं ठेवून वास गेल्यावरच वापरा. पुस्तकं ताठ उभी, ना कोंबलेली ना कललेली. मोठी, जड, बांधीव मासिकं आडवी, एकावर एक तीनपेक्षा जास्त नको. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतात, तिथूनच कापड फाटतं. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकला आणि मधलं पोटाशी धरून काढा.

ब्राऊन पेपर आणि वर्तमानपत्राची कव्हरं काढून टाका, रबर बँड काढून टाका, हवाबंद प्लास्टिक पिशवीत कायमचं ठेवू नका. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की गरम करून परत कोरडं करा. मीटर ६५ च्या वर गेला की बुरशीची तयारी सुरू झाली समजा.

वर्षातून एकदा सगळं कपाट रिकामं करून बघायचं, आणि त्याला दसऱ्याच्या आधीचा आठवडा सोयीचा, पाऊस ओसरलेला असतो आणि पुस्तकं पूजेला तशीही बाहेर येतात. फक्त पूजेला नवी वही किंवा पाटी ठेवा. जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर हळदकुंकू वाहिलं की तो डाग निघत नाही, झेंडूच्या ओल्या पाकळ्यांचा तर आत तिसऱ्या पानापर्यंत उतरतो. आजी ऐकत नसेल तर पुस्तकावर कोरा कागद घाला आणि कुंकू त्या कागदावर वाहू द्या.